मुलाखतीनंतरचं पत्र

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



मागच्या महिन्यात आमच्या शेजारचा मुलगा संध्याकाळी घरी आला. इंजिनीअरिंग झालेला, नागपूरला एका कंपनीत मुलाखत देऊन नुकताच परतलेला. खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाला, ‘‘काका, त्याइले थँक्यूचा मेसेज टाकू का? मित्र म्हणते टाक. बाबा म्हणते टाकू नको, लाचार दिसशीन.’’

मी त्याला चहा दिला आणि जे सुचलं ते सांगितलं. पण तो गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मी त्याला अर्धंच सांगितलं. उरलेलं आज सांगतो.

आधी त्याच्या बाबांची बाजू घेतो, कारण ती चुकीची नाही. आमचा राजुरा तालुका १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ साली राज्य पुनर्रचनेत तो मुंबई राज्यात आला, तेव्हा नांदेडला जोडला गेला आणि १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात आला. एका माणसाच्या हयातीत कचेरी दोनदा बदलली. माझ्या आजोबांच्या वेळी कचेरीचा कारभार उर्दूत चाले. आजोबांना उर्दू येत नव्हतं. त्यामुळं सरकारला काही सांगायचं म्हणजे आधी अर्जनवीस गाठायचा, त्याला पैसे द्यायचे आणि तो जे लिहील त्यावर अंगठा उठवायचा. ‘अर्ज’ हा शब्दच अरबीतून, फारसीच्या वाटेनं आपल्याकडं आलेला. साहेबाकडं जाणारा कागद दोनच प्रकारचा असतो, एक विनवणीचा आणि दुसरा तक्रारीचा, हे आमच्या घरात तीन पिढ्या पक्कं बसलेलं होतं. साहेबाला आभाराचा कागद पाठवायचा, ही कल्पनाच आमच्या डोक्यात नव्हती.

शिवाय आपल्या माणसांत आभार मानणं हे थोडं परकेपणाचं लक्षण. शेजारणीनं वाटीभर साखर दिली तर आपण आभार मानत नाही. दोन दिवसांनी वाटीत काहीतरी घालून ती परत करतो. तोंडानं ‘धन्यवाद’ म्हटलं तर उलट ती विचारेल, ‘‘काय झालं, राग आला का?’’ आभारप्रदर्शन हा सभेच्या शेवटचा कार्यक्रम, आणि तोवर निम्मे लोक चपला शोधत असतात.

तर आता माझी गोष्ट. मी १९८८ साली रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो. त्या काळात आमच्या भागात सिमेंटचे कारखाने उभे राहत होते. गडचांदूर, कोरपना या पट्ट्यात जमिनीखाली चुनखडी आहे, नदीकाठानं कोळसा आहे. त्यामुळं कारखाने इकडं आले. राजुऱ्यातल्या बी.एस्सी. झालेल्या प्रत्येक मुलाला वाटे, आपण कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागावं. सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवलेलं होतंच. अर्ज पोस्टानं टाकायचा तो ‘अंडर सर्टिफिकेट ऑफ पोस्टिंग’. रजिस्टरचे पैसे परवडत नसत आणि अर्ज टाकल्याचा शिक्क्याचा पुरावा मात्र हवा असे. ती सोय पुढं २०११ मध्ये बंद झाली. आमच्या वयाच्या कितीतरी लोकांच्या ट्रंकेत अजून तसे शिक्के मारलेले चिटोरे सापडतील.

१९८९ च्या ऑगस्टमध्ये एका कारखान्याचं बोलावणं आलं. जागा केमिस्टची. मी भावाचा शर्ट घातला, एस.टी.नं गेलो. आत तिघेजण. दोघं हिंदीत बोलत होते, तिसरे इंग्रजीत. पहिले काही प्रश्न बरे गेले. मग इंग्रजीत बोलणाऱ्या साहेबांनी अगदी सोपा प्रश्न टाकला. शुद्ध चुनखडी पूर्ण भाजली तर वजन शेकडा किती घटतं?

मी म्हणालो, छप्पन्न.

त्यांनी पुन्हा विचारलं, ‘‘नक्की?’’ मी म्हणालो, नक्की. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि मला जायला सांगितलं.

परतीच्या एस.टी.त राजुरा यायच्या आत माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. शंभर भाग चुनखडी भाजली तर छप्पन्न भाग चुना उरतो. चव्वेचाळीस भाग कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. घट चव्वेचाळीस. मी उरलेलं सांगून आलो होतो. बारावीच्या मुलाला येणारं गणित! त्या रात्री मला झोप लागली नाही.

सकाळी उठून मी पत्र लिहायला बसलो. खरं सांगतो, शिष्टाचार वगैरे काही माझ्या मनात नव्हता. मला फक्त ते छप्पन्न खोडायचं होतं. पण नुसतं ‘माझं उत्तर चुकलं, बरोबर उत्तर असं’ असं कसं लिहायचं? म्हणून वर दोन ओळी लिहिल्या: आपण मला बोलावलंत, वेळ दिलात, त्याबद्दल आभारी आहे. मग चुनखडीचं गणित मांडलं. खाली सही.

वडील ओट्यावर दात घासत होते. त्यांनी पत्र घेऊन वाचलं, परत दिलं.

‘‘कायचे आभार बे? नौकरी देल्ली का त्याइनं तुले?’’

मी म्हणालो, ‘‘नाही, पण बोलावलं तर.’’

‘‘बोलावलं म्हणजे का उपकार केले? गरज त्याइले बी हाय.’’

आज विचार करतो तेव्हा वाटतं, वडिलांचं दुसरं वाक्य फार मोलाचं होतं. गरज दोन्ही बाजूंना असते. मुलाखत म्हणजे काही दरबार नव्हे. पण त्यातूनच मला असंही वाटतं की आभाराचं पत्र गरजू माणसानं लिहावं लागतं असं नाही, ते बरोबरीच्या माणसानंही लिहिता येतं. तेव्हा हे मला बोलता आलं नाही. पत्र मात्र टाकलं.

नोकरी मिळाली नाही. पंधरा-वीस दिवसांनी कारखान्याच्या छापील कागदावर दोन ओळींचं टंकलिखित पत्र आलं. जागा भरली गेली आहे, ही पहिली ओळ. चव्वेचाळीस हे उत्तर बरोबर आहे, ही दुसरी. खाली शाईची सही. वडिलांनी ते पत्र रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलं आणि पुढं कित्येक महिने चहाच्या टपरीवर लोकांना सांगत राहिले, ‘‘साहेबाचं पत्र आलं.’’ नोकरी नाही मिळाली हे सांगायला ते विसरत.

पुढच्या वर्षी दुसऱ्या एका कारखान्यात लागलो. तिथं पत्रबित्र काही लिहिलं नव्हतं.

मग वर्षं गेली, आणि २००१ पासून मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसायला लागलो. प्रयोगशाळेची जबाबदारी माझ्याकडं आली, त्यामुळं माणसं निवडताना मला बोलवत. वीस-बावीस वर्षांत काही शे मुलं समोर येऊन बसली असतील. त्यांपैकी नंतर पत्र लिहिणारी अकरा. ती अकरा पत्रं मी एका फायलीत ठेवली होती.

त्यातली बरीचशी वाईट होती, हे सांगायलाच हवं. एकानं कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडून पत्र करून घेतलं होतं. ‘आपल्या थोर संस्थेच्या चरणी सेवा अर्पण करण्यास उत्सुक’ वगैरे. कारखान्याच्या नावाची जागा कोरी सोडून नंतर पेनानं भरली होती. म्हणजे तेच पत्र आणखी चार ठिकाणी गेलं असणार. आता मोबाईलमधलं यंत्रच असं पत्र अर्ध्या मिनिटात लिहून देतं, आणि टायपिस्टपेक्षा शुद्ध लिहितं. पण जागा कोरी सोडलेली आहे हे वाचणाऱ्याला आजही कळतं. दुसऱ्या एकानं शेवटी ‘लोभ असावा ही विनंती’ असं लिहिलं होतं. बिचाऱ्याचा दोष नाही, शाळेत तसंच शिकवलेलं. घरच्या पत्रात ते शोभतं. नोकरीच्या पत्रात मात्र लोभ मागणं आणि नोकरी मागणं यात फरक उरत नाही.

पण एक पत्र असं होतं. एका मुलाला मी विचारलं होतं, ट्रकमधल्या कोळशाचा नमुना तपासणीसाठी कसा घेशील? तो म्हणाला, वरून घमेलंभर काढीन. चूक. वरचा कोळसा आणि तळचा कोळसा सारखा नसतो, ट्रक हलला की बारीक चुरा खाली जातो. मुलगा गेला. तिसऱ्या दिवशी त्याचं पत्र. बोलावल्याबद्दल आभार, आणि पुढं लिहिलं होतं की माझे मामा सास्तीच्या कोळसा खाणीत आहेत, मी त्यांना जाऊन विचारलं. वेगवेगळ्या ठिकाणांहून आणि वेगवेगळ्या खोलीवरून थोडा थोडा कोळसा घ्यायचा, फोडून बारीक करायचा, शंकूसारखा ढीग करून वरून दाबायचा, त्याचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, दोन ठेवायचे, आणि हवा तेवढा नमुना होईपर्यंत हेच करत राहायचं. सगळं बरोबर. ज्याला एक गोष्ट येत नव्हती तो दोन दिवसांत खाणीवर जाऊन ती शिकून आला होता. त्या वेळी दोन मुलांत आमचं एकमत होत नव्हतं आणि निकाल अडकलेला होता. आम्ही या मुलाला घेतलं.

एकदाच. अकरात एकदा. बाकी वेळी आमच्या गुणांच्या कागदावर मुलाखत संपल्यावर त्याच संध्याकाळी सह्या होत. पत्र येईपर्यंत निकाल लागलेला असे. तेव्हा ‘पत्र लिहिलं की नोकरी मिळते’ असं कुणी वर्ग घेऊन, फी घेऊन सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. अमेरिकेत चोवीस तासांच्या आत आभाराचं पत्र पाठवावं असा रिवाज सांगतात, आणि आता आपल्याकडच्या मोठ्या कंपन्यांतही तो आला आहे. चांगली गोष्ट आहे. पण तिकडंही त्याचा उपयोग एवढाच, की चार सारख्या माणसांतला एक लक्षात राहतो.

आणि सरकारी नोकरीसाठी तर अजिबात लिहू नका. तिथं जाहिरातीतच छापलेलं असतं की शिफारस आणणारा किंवा दबाव आणणारा उमेदवार अपात्र ठरेल. मंडळाच्या सदस्याला घरी पत्र पाठवलं, फोन केला, तर तुमचा हेतू कितीही शुद्ध असो, त्याचा अर्थ भलताच लागू शकतो. केंद्र सरकारनं तर १ जानेवारी २०१६ पासून खालच्या श्रेणीतल्या नोकऱ्यांच्या मुलाखतीच बंद केल्या. गरीब घरच्या मुलांना त्या निमित्तानं नागवलं जात होतं, म्हणून. वाईट झालं असं मी म्हणणार नाही.

खासगी ठिकाणी मात्र लिहा. शेजारच्या मुलाला मी सांगितलं ते असं. सहा-सात ओळी पुरे. ई-मेलनं पाठव, व्हॉट्सअ‍ॅपवर हात जोडल्याचं चित्र पाठवू नकोस. मुलाखतीत प्रत्यक्ष जे बोलणं झालं त्यातली एक तरी गोष्ट त्यात असू दे. एखादं उत्तर चुकलं असेल तर दुरुस्त कर, पण रडू नकोस. माझ्या घरी अशी अशी परिस्थिती आहे, हे लिहू नकोस. ते खरं असलं तरी नको. निकाल कधी कळेल हे एकदा विचारलंस तर चालेल. ‘कळावे’ आणि सही. त्यानं लिहून दाखवलं. ‘सर’ हा शब्द नऊ वेळा होता, त्यातले सात आम्ही काढले.

इथवर मी त्याला सांगितलं. जे सांगितलं नाही ते आता सांगतो.

त्या अकरा पत्रांत एक बल्लारपूरच्या मुलीचं आहे. साल २००३. रसायनशास्त्रात एम.एस्सी., गुण उत्तम. वर्धा नदीला पूर आला की राजुरा-बल्लारपूर रस्ता बंद होतो, त्या दिवसांतच तिची मुलाखत होती, तरी वेळेच्या आधी हजर. तिनं सगळी उत्तरं दिली. आणि मग मी तिला विचारलं, ‘‘लग्नाचं काय ठरलंय?’’

मीच विचारलं. दुसऱ्या कुणी नाही. सहज विचारतात तसं, मोठ्या माणसाच्या सुरात.

ती म्हणाली, ‘‘अजून काही नाही, सर.’’ आम्ही माना डोलावल्या.

चार दिवसांनी तिचं पत्र आलं. दोन पानं, मराठीत, अक्षर सुंदर. पहिल्या परिच्छेदात आभार होते, आणि ते नेमके होते. मुलाखतीआधी आमच्या सहकाऱ्यानं उमेदवारांना प्रयोगशाळा फिरवून दाखवली होती, क्ष-किरणांनी नमुना तपासणारं यंत्र तिनं पहिल्यांदाच पाहिलं होतं, त्याबद्दल. दुसऱ्या परिच्छेदात क्लिंकरमधल्या मुक्त चुन्याबद्दल माझ्याच प्रश्नाचं, तिथं दिलं त्यापेक्षा पूर्ण उत्तर. तिसऱ्या परिच्छेदात तिनं लिहिलं होतं की लग्नाचा प्रश्न बाहेर बसलेल्या चार मुलांपैकी कुणाला विचारला गेला का, हे मी त्यांना विचारलं. कुणालाच विचारला गेला नव्हता. स्त्रियांना कारखान्यात रात्रपाळी देता येत नाही हा कायदा मला माहीत आहे, अडचण ती असेल तर तसं विचारायला हवं होतं. माझं उत्तर तयार होतं.

कायद्याचं तिचं म्हणणं बरोबर होतं. १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टप्रमाणं संध्याकाळी सात ते सकाळी सहा या वेळात कारखान्यात बाईला काम देता येत नसे. महाराष्ट्रात २०१५ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि सुरक्षिततेच्या अटी घालून ती परवानगी मिळाली. पण २००३ मध्येही आमच्या प्रयोगशाळेतलं सगळंच काम काही पाळीचं नव्हतं. निम्मं काम दिवसाचं होतं. आणि भरती करताना बाई म्हणून डावलायचं नाही, हे १९७६ च्या समान वेतन कायद्यातही लिहिलेलं होतं. मुलीनं त्याचा उल्लेख केला नव्हता. मला तो माहीत होता.

मी ते पत्र सहकाऱ्यांना दाखवलं. एकजण म्हणाले, ‘‘लागायच्या आधीच भांडते, लागल्यावर काय करील?’’ बाकीचे हसले. मीही हसलो. माझ्या स्वतःच्या कागदावर तिला सगळ्यांत जास्त गुण होते. घेतलं दुसऱ्याला. आणि तिला उत्तरही पाठवलं नाही.

ज्या माणसाच्या घरी रेशनकार्डाच्या पिशवीत दोन ओळींचं उत्तर जपून ठेवलेलं होतं, त्या माणसानं उत्तर पाठवलं नाही. दोन ओळी लिहायला किती वेळ लागतो? पण काय लिहिणार होतो? ‘जागा भरली गेली’ ही पहिली ओळ लिहिता आली असती. दुसरी ओळ लिहायची तर तुमचं बरोबर आहे असं लिहावं लागलं असतं.

तो प्रश्न मी त्यानंतर लगेच सोडून दिला असं सांगितलं तर ऐकायला बरं वाटेल. तसं झालं नाही. आणखी दोन-तीन वर्षं मी तो विचारत होतो. फक्त विचारताना समोरच्या मुलीकडं बघत नव्हतो. पुढं केव्हातरी सुटला. २०१६ मध्ये माझी मुलगी पुण्याहून मुलाखत देऊन आली आणि जेवताना चिडून सांगायला लागली की तिथल्या एका माणसानं तिला काय विचारलं. तिची आई त्या माणसाला नावं ठेवत होती. मी भातावर वरण घेत होतो.

२०२३ साली निवृत्त झालो. टेबलाचे खण रिकामे करताना ती फाईल वर आली. मी बल्लारपूरच्या त्याच पत्त्यावर उत्तर लिहिलं. वीस वर्षांनी. आपण पत्र लिहिलंत त्याबद्दल आभारी आहे. लग्नाचा प्रश्न मी विचारायला नको होता. मुक्त चुन्याचं आपलं उत्तर पूर्ण बरोबर होतं. एवढंच. आणखी लिहायला लागलो असतो तर ते तिच्यासाठी नसतं, माझ्यासाठी झालं असतं.

राजुऱ्याच्या पोस्टात जाऊन रजिस्टर्ड ए.डी. केलं. खिडकीतल्या बाईंनी पत्ता बघून विचारलं, ‘‘पिनकोड बरोबर आहे ना, काका?’’ मी म्हटलं, पत्रावर होता तोच घातलाय.

आठवड्याभरात गुलाबी पोच परत आली. कुणीतरी सही केली आहे. आडनाव तिचं नाही. नाव वाचता येत नाही. ती पोच आता मी त्याच फायलीत ठेवली आहे.